उरलेले सत्त्याऐंशी तुकडे

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावर साइटच्या गोदामाचा पत्ता घातलाय, खोलीचा नाही. मुद्दाम. खोलीत तुझे दाजी असतात, आणि फोन लावला की तू त्यांच्या शेजारच्या खाटेवर बसून "हो ताई, नाही ताई" करतोस. त्यातून काही निघत नाही. म्हणून चौथी शिकलेल्या बाईला कागद काळा करावा लागतोय. वाच आणि फाडून टाक. दाजींना दाखवलंस तर माझ्याशी गाठ आहे.

परवा ट्रकवाला खोकं देऊन गेला. त्यात ठोकळ्यांचं रेल्वे स्टेशन. तुझ्या दाजींचा हा बारावा सेट. चौदा वर्षांपूर्वी खांद्याचं हाड मोडून घरी बसले तेव्हा कुणीतरी वेळ जायला एक छोटी मोटार आणून दिली, तेव्हापासून हे खूळ. आधी मी खूप बोलले, बाप्या चाळिशीला आला आणि खेळण्यात रमला म्हणून. आता बोलत नाही. काचेच्या कपाटात मांडते, दाढीच्या जुन्या ब्रशाने धूळ झटकते. त्यांचे कायदे मला पाठ झालेत. एक तुकडा चुकला तर चुकीपर्यंत सगळं उलगडत मागे जायचं. एकही तुकडा टाकायचा नाही. आणि बांधून झालं की आत कुठेतरी एक पांढरा ठोकळा बसवायचा, त्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि तारीख. तो मी कधी शोधत नाही. उघडायला जाईन आणि मोडेन.

तर ऐक. प्रत्येक सेटमध्ये कंपनी थोडे बारके तुकडे जास्त देते, हरवले तर असावेत म्हणून. दहा, फार तर पंधरा. ते पुडीत येतात, मी बरणीत टाकते. या वेळी पुडीत सत्त्याऐंशी होते. दोनदा मोजले. सगळे नखाएवढे. मग स्टेशन खिडकीशी नेऊन बघितलं. फलाटाच्या दिव्यांना काचा नाहीत. दारांना मुठी नाहीत. घड्याळाला काटे नाहीत. जिन्याच्या करड्या पायऱ्यांत दोन काळ्या घुसल्यात. मोठे ठोकळे मात्र सगळे जागच्या जागी.

कारखान्यात मी दिवसाला चारशे शर्ट तपासते. सुटलेलं बटण मला टेबलाच्या पलीकडून दिसतं. आमच्यात शिस्त आहे, दोष लिहायच्या आधी शर्टाच्या आतली चिठ्ठी बघायची, कुणाच्या हातचा आहे ते. चुकीच्या माणसाच्या नावावर दोष टाकला तर दिवसभर फळ्यावर तपासणारीच्या टेबलाचा नंबर. बावीस वर्षांत माझा सहा नंबर फळ्यावर गेलेला नाही. तेव्हा मला उगाच शंका येत नाही हे लक्षात ठेव.

यांचे डोळे गेलेत का हात थरथरतात? खरं सांग. तो माणूस दहा मजले उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंड उचलतो, आणि तू त्या लोखंडाखाली उभा राहून त्यांना हाताने इशारे देतोस. मला दोघंही पाहिजेत. अख्खे.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. आधी एक काम कर, अक्षर मोठं काढ आणि काळ्या शाईने लिही. या गोदामात उजेडाचा दुष्काळ आहे, तुझ्या मुंग्या कुठून कुठे चालल्यात कळत नाही.

बाकी तू धन्य आहेस. शर्टांची बटणं मोजता मोजता आता नवऱ्याने ठोकळे किती लावले ते मोजायला लागलीस. दाजी ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात, माझ्या घोरण्याला शिव्या देतात. माणूस दमतो गं. दिवसभर केबिनमध्ये मान वाकवून खाली बघायचं, आणि संध्याकाळी परत त्या बारक्या तुकड्यांत डोकं घालायचं. वयही होतंच ना. कंटाळा आला असेल, राहिले असतील चार दिवे. स्टेशन काही पडत नाही त्याने.

पुलाचं काम आता रंगात आलंय. पाच मार्चला सगळ्यात मोठा गर्डर चढवायचा आहे, दाजी वर आणि मी खाली. मुकादम म्हणतो, ही जोडी असली की मला झोप लागते. तूही झोप.

धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

घे, पाटीवर लिहिल्यासारखं मोठं लिहिलंय. तीन पानं जास्त लागली.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चार दिवे नाहीत, सत्त्याऐंशी तुकडे. आणि "दमतो", "वय होतं", "कंटाळा आला असेल", हे सगळं "असेल" मधलं आहे. तू दाजींच्या खोलीत राहतोस. तुला "आहे" किंवा "नाही" लिहिता आलं पाहिजे. लहानपणी तू आईची काचेची बरणी फोडलीस तेव्हाही असंच बोलला होतास. "मांजर आलं असेल." मांजराने मार खाल्ला, तू कोपऱ्यात उभा राहून बघितलंस. मला सगळं आठवतं.

आता मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे. पेला उचलताना हात हलतो का? सुईत दोरा ओवायला दे, शर्टाचं बटण तुटलंय म्हण, आणि काय होतं ते बघ. जिना उतरताना कठडा धरतात का? कामावर काही झालंय का? छोटंसं का होईना. लपवू नकोस. तू लपवलंस आणि काही झालं तर मला पुढे तुझं तोंड बघायचं नाही, आणि जे व्हायचं ते तुझ्याच डोक्यावर होणार आहे, हे तुला कळतं का?

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

बटणाचं केलं नाही. दाजींना बटण लावायला सांगितलं तर तेच मला वेडा समजतील.

कामावर काही झालं का विचारतेस. तू सोडणार नाहीस म्हणून सांगतो, पण बाऊ करायचा नाही. जानेवारीत एक दिवस हूक जरा जास्त खाली आला आणि परांचीला घासला. दोन बांबू निसटले. खाली कुणी नव्हतं. आभाळ भरून आलं होतं, कुणाला काही धड दिसत नव्हतं. थांबायचा इशारा आणि थांबणं यांच्या मध्ये थोडा वेळ गेला. अशा कामात होतं असं. मुकादमाने वहीत सुद्धा लिहिलं नाही.

एक विनंती आहे. साइटच्या डॉक्टरांना यात आणू नकोस. हे डॉक्टर एकाला तपासून थांबणारे नाहीत, सगळ्यांना रांगेत उभं करतील आणि गर्डरच्या तोंडावर इथे गोंधळ होईल. मी आहे ना इथे. मी बघतो.

धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

उशीर झाला. हूक घासल्याचं वाचलं आणि त्याच दिवशी मी डॉक्टरांना पत्र टाकलं. दाजींचं नाव घालून, खाली माझी सही करून. लिहिलं की या माणसाचे डोळे आणि हात तपासल्याशिवाय त्याला केबिनमध्ये चढू देऊ नका, मी त्याची बायको आहे, मी उगाच म्हणत नाही.

ते चिडतील. चिडू देत. चिडलेला नवरा मला चालतो.

ताई


२ मार्च

घरी,

तू फोनवर बोलू देत नाहीस आणि इथे तुझा भाऊ शेजारी असतो, म्हणून लिहितोय. ट्रकवाल्याकडे देतोय. तो उद्या तिकडून परत निघेल. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याकडेच दे.

डॉक्टरांनी तुझं पत्र मला दाखवलं. मला खाली बसवलं. सात दिवस फाटकाजवळच्या खोपटात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहीत होतो. पोरं विचारायची, वस्ताद, खाली का? काय सांगणार. दोनदा तपासलं. डोळे ठीक, हात ठीक. काल परत वर चढलो.

स्टेशन मी बांधलेलं नाही. तुझ्या भावाने बांधलं.

जानेवारीत हूक परांचीला लागला. मी वरून बघत होतो. हूक त्याच्या डोक्याच्या उंचीवर आला तरी त्याचा हात उठला नव्हता. त्याआधीही दोन-तीनदा हात उशिरा उठला होता. खोलीवर आल्यावर स्टेशनचं खोकं त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, लिव्हर ओढून माझी बोटं दुखतात, हे तू बांध. खूश झाला. बारा रविवार लागतील म्हटलं होतं, तीनमध्ये बांधलं, स्वतःच खोक्यात भरलं. मी विचारलं, तुकडे किती उरले? म्हणाला, नेहमीसारखेच.

मी उघडून बघितलं नाही. तुझ्याकडे पाठवलं. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. वाटलं, तू बघशील आणि मला विचारशील.

गर्डर पाचला आहे. मुकादमाला सांगितलंय की तुझा भाऊ खाली असेल तर माझी पाठ धरेल, लिव्हर ओढता येणार नाही. मुकादम हसला. त्याला वाटलं, मेहुण्यांचं भांडण झालं. तुझ्या भावाचं नाव मी डॉक्टरांकडे देणार नाही. वर बसणाऱ्याने खालच्याचं नाव द्यायचं नसतं, एकदा दिलं की पुढे कुणी आपल्या हुकाखाली उभा राहत नाही. त्याने स्वतः सांगावं. नाही सांगितलं तर पाचला मी केबिनमधून उतरून येईन. पुढे जे होईल ते होईल.

छप्पर उघड. तिकीटखिडकीच्या वरचं. चिठ्ठी आत आहे. तू ती बघितली नाहीस.


३ मार्च

धाकट्या,

ट्रकवाला दारात बसलाय, चहा संपला की निघणार. म्हणून भराभर लिहिते.

छप्पर उघडलं. पांढरा ठोकळा निघाला. त्यावर तुझं नाव आहे. ते नाव ठोकळ्याच्या कडेवरून खाली उतरून शेजारच्या लाल ठोकळ्यावर गेलंय. तुला कळलं सुद्धा नाही. तारीख तर तू एकावर एक लिहिलीस, एकाच जागी, दोनदा. मी तो ठोकळा खिडकीशी नेऊन परत परत वाचत राहिले. गॅसवर भात करपला.

मोठं अक्षर काढ म्हणालास. काळी शाई म्हणालास. गोदामात उजेड नाही म्हणालास. आणि मी गाढवासारखी मोठं अक्षर काढत बसले.

तुझे डोळे गेलेत हे मला सांगितलं असतंस तर मी रडले असते, ओरडले असते, आणि दुसऱ्या दिवशी तुला धरून दवाखान्यात नेलं असतं. संपलं असतं. तू काय केलंस? "वयही होतंच ना." त्यांच्या पायाशी बसून काम शिकलास, त्यांच्या शेजारी झोपतोस, त्यांनी उचललेल्या लोखंडाखाली उभा राहतोस, आणि मी त्यांचं नाव धरून आरोप करत होते तेव्हा गप्प बसलास. ते सात दिवस खोपटात बसले. तू त्यांच्यासमोरून डबा घेऊन जात असशील. जात होतास ना?

परवा गर्डर आहे. तू त्याच्याखाली उभा राहायचं नाही. नुसतं तुझ्या जिवाचं नाही हे. परांचीवर दुसऱ्यांची माणसं असतात. त्यांच्या घरी पण कुणीतरी काहीतरी मोजत बसलेलं असतं.

उद्या डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या पायाने, स्वतःच्या तोंडाने. नाही गेलास तर परवा सकाळी मी पहिल्या गाडीने येईन आणि फाटकाशी उभी राहून सांगेन, मुकादमाला, डॉक्टरांना, ज्याला ऐकायचं त्याला. दाजींचे ते वरचे आणि खालचे कायदे असतील, मला नाहीत.

आणि हे पत्र तुला वाचता येत नसेल तर ज्यांच्यावर ढकललंस त्यांच्याकडूनच वाचून घे.

ट्रकवाल्याने कप खाली ठेवला.

ताई


६ मार्च

ताई,

अक्षर दाजींचं आहे, बोलणं माझं. ते म्हणतात, भराभर बोलू नकोस, मी कारकून नाही.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. आधीची पत्रं मी गोदामामागे उन्हात जाऊन, कागद नाकाला लावून वाचायचो. एकेका पत्राला अख्खी जेवणाची सुट्टी जायची. परवा ऊन होतं तरी नुसते काळे डाग दिसले, घाईत लिहिलेलंस म्हणून. दोन-चार शब्द लागले. "छप्पर" लागलं. मग कळलं.

खोलीवर आलो. दाजी बूट काढत होते. मी पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सगळं वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. खोपटाची पण नाही. किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, भात करपलाय बघ तिचा.

हो, जात होतो मी त्यांच्यासमोरून डबा घेऊन. रोज. ते हात करायचे.

दिवाळखोर दुकान बंद करून चाळिशीच्या तोंडावर इथे आलो तेव्हा मला एक गोष्ट धड येत नव्हती. इथे माझा हात वर गेला की एवढं मोठं धूड जागच्या जागी थांबायचं. तो हात मला सोडवत नव्हता. बाकी कारण नाही. दाजी म्हणतात, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

लोखंड मला कधीपासून नीट दिसत नव्हतं. जमिनीवरची त्याची सावली दिसायची. सावली माझ्या बुटाला लागली की थांबायचा हात. आभाळ आलं की अंदाजाने. आता दाजींनी पेन खाली ठेवलंय.

घेतलं परत.

परवा रात्री दाजींनी फोनवर तुला सांगितलं ना, सकाळी हा जातोय, तू गाडी पकडू नकोस, तसा काल सकाळी सातला डॉक्टरांच्या दारात जाऊन बसलो. त्यांनी डावा डोळा झाकायला लावला आणि म्हणाले, भिंतीवरचं सगळ्यात वरचं अक्षर वाच. मी विचारलं, भिंत कुठली? हसले नाहीत. बोटातून रक्त काढलं. साखर आहे, कितीतरी वर्षांची, आत डोळ्यांपर्यंत गेलीय. उजव्याचं काही सांगत नाही म्हणाले. डावा वाचेल, लगेच मोठ्या दवाखान्यात गेलो तर. बुधवारी बोलावलंय. मी हेही सांगितलं की हूक घासला तो माझ्यामुळे. मुकादमाला बोलावून परत सांगायला लावलं. सांगितलं.

गर्डर दुसऱ्या माणसाने घेतला. मी डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसून होतो. साखळ्या ताणल्या ते ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. ताई, मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो, खाली उभा असताना सुद्धा नाही. मग लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज आला, एकदाच, दबका. बसला म्हणजे नीट बसला. वाकडा असता तर दोनदा आला असता. दाजी म्हणतात, चार वाजून दहा मिनिटं.

माफी कशी मागायची ते मला कळत नाही. दाजींकडे मागितली तर म्हणाले, आधी सत्त्याऐंशी तुकडे लाव.

धाकटा


९ मार्च

धाकट्या, आणि अहो,

हे पत्र दोघांना आहे. अहो, तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या.

मंगळवारी संध्याकाळी मी तिथे पोचते. सुट्टी घेतली आहे. साहेब म्हणाला, एवढी कशाला? मी म्हटलं, बावीस वर्षांची आहे. बुधवारी दवाखान्यात मी बरोबर असणार. डॉक्टर जे सांगतील ते मी ऐकणार, तू "असेल, नसेल" करून मला सांगायचं नाहीस. गोळ्यांची वेळ मी ठरवणार. चहातली साखर आजपासून बंद, अहो, तुमचीही, एकट्याला चोरून प्यायला नको.

धाकट्या, मी अजून रागावलेली आहे. दवाखान्यात हात धरीन म्हणून राग गेला समजू नकोस. दोन्ही एकदम करता येतं मला.

स्टेशन मी उलगडलं. पुस्तिका उघडून मागे मागे गेले. पहिली चूक तिसऱ्या नंबरच्या पिशवीतल्या तुकड्यांत निघाली, जिन्याच्या दुसऱ्या पायरीला. तिथपर्यंत सगळं सुटं केलंय, रंगांप्रमाणे वाट्यांत लावलंय. बारके तुकडे मी शोधून तुझ्या बोटात देईन, बसवायचं तू. डावा डोळा राहिला तरी आणि नाही राहिला तरी. पांढरा ठोकळा वेगळा काढून ठेवलाय. त्यावरचं तुझं नाव पुसलेलं नाही.

अहो, आता तुमचं. तुम्ही मला एक ओळ लिहायला हवी होती, "हे याने बांधलंय" म्हणून. तुम्ही खोकं पाठवलंत आणि गप्प बसलात. पण ते तुमचं. माझं माझ्याकडे. शर्ट हातात आला की बोटं आपोआप आतल्या चिठ्ठीकडे जातात माझी, आणि घरी मी ती न बघता डॉक्टरांना लिहून मोकळी झाले. म्हणून त्यांना आज दुसरं पत्र टाकलंय. फाटकाजवळच्या फळ्यावर लावा असं लिहिलंय, सगळे वाचतील असं. वस्तादांच्या हातात आणि डोळ्यांत काही दोष नव्हता, दोष चुकीच्या माणसाच्या नावावर टाकला गेला, चूक तपासणारीची.

खाली नाव घातलं नाही. आमच्यात घालत नाहीत.

टेबल नंबर सहा